नोकरीतील ध्येये आणि घरातील ध्येये एकाच पद्धतीने ठरवता येतात का?

उत्तरायण (धागाकर्ता)

ध्येय लिहून काढले, त्याला मुदत घातली आणि ठरावीक काळाने त्याचा आढावा घेतला की काम पुढे सरकते, असे माझे ठाम मत आहे. आमच्या कार्यालयात दर तिमाहीच्या सुरुवातीला प्रत्येकाची ध्येये ठरतात, ती सर्वांना दिसतात, आणि तिमाही संपताना काय झाले व काय राहिले यावर मोकळेपणाने चर्चा होते. या शिस्तीचा मला स्वतःला फार उपयोग झाला आहे आणि माझ्या हाताखाली तयार झालेल्या तरुण सहकाऱ्यांनाही तो होताना मी पाहिला आहे.

येत्या वर्षासाठी माझ्यासमोर तीन गोष्टी आहेत. बढतीसाठी आवश्यक असलेली व्यावसायिक परीक्षा उत्तीर्ण व्हायची आहे, घराचे कर्ज मुदतीआधी फेडायचे आहे, आणि मुलांना व माझ्या आईवडिलांना आज देतो त्याहून अधिक वेळ द्यायचा आहे. पहिल्या दोन गोष्टी कागदावर उतरवणे सोपे गेले. तिसरीपाशी मात्र गाडी अडते. 'अधिक वेळ' म्हणजे किती, तो दिला गेला हे कोणी ठरवायचे, आणि परीक्षेचा अभ्यास व घर हे दोन्ही एकाच संध्याकाळवर हक्क सांगू लागले तर कोणी मागे सरायचे, हे मला नीट मांडता येत नाही. पत्नीचे म्हणणे असे की घराला कार्यालयाची पद्धत लावू नये, कारण तिथे कोणी कोणाचा वरिष्ठ नसतो. मला ते पूर्णपणे पटत नाही, पण बाजूलाही सारता येत नाही. ज्यांनी या दोन्ही आघाड्या सांभाळल्या आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

आकडेमोड

धागा आवडला. या विषयावर भरपूर संशोधन झालेले आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर त्यात सापडते.

एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये मांडले की 'जमेल तेवढे चांगले करा' असे सांगण्यापेक्षा नेमके आणि थोडे अवघड ध्येय दिले, तर माणसे अधिक चांगले काम करतात. पुढे गॅरी लॅथम यांच्याबरोबर त्यांनी हा विचार कित्येक वर्षे तपासून पाहिला. लॅथम आणि बाल्डेस यांचा १९७५ चा एक अभ्यास मला विशेष बोलका वाटतो. लाकडाचे ओंडके वाहून नेणारे ट्रक कायदेशीर वजनमर्यादेच्या साधारण ६० टक्केच भरले जात होते. 'शक्य तितके भरा' एवढीच सूचना होती तोवर चित्र बदलले नाही. ९४ टक्क्यांचे ध्येय ठरवून दिल्यावर मात्र भराई ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचली. त्यासाठी पगारही वाढवला नव्हता.

हे यश कोणत्या परिस्थितीत मिळाले, ते लक्षात घेतले पाहिजे. ट्रक किती भरायचा हे चालकाच्या हातात होते, प्रत्येक खेपेला वजन समोर दिसत होते, आणि ते गाठण्यासाठी घरातल्या कोणाची परवानगी लागत नव्हती. तुमच्या परीक्षेला आणि कर्जाला या अटी बऱ्याच अंशी लागू पडतात. आईवडिलांसाठीच्या वेळेला त्यातली एकही धड लागू पडत नाही. शिवाय लॉक आणि लॅथम यांनीच हेही नोंदवले आहे की काम नवे आणि गुंतागुंतीचे असेल, तर सुरुवातीलाच निकालाचा आकडा ठरवण्यापेक्षा 'हे कसे करायचे ते शिकणे' असे ध्येय ठेवणे हिताचे ठरते. वाढत्या वयाच्या मुलांशी किंवा थकत चाललेल्या पालकांशी वागणे हे मला तशाच प्रकारचे काम वाटते.

वाटसरू

सहमत. लिहून ठेवण्याचे महत्त्व तर सर्वांनाच ठाऊक आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात १९५३ साली पदवीधर झालेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्या ३ टक्क्यांनी आपली ध्येये लिहून ठेवली होती, त्यांची संपत्ती वीस वर्षांनी उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त भरली, असे प्रत्येक प्रशिक्षण वर्गात सांगतात. त्यामुळे उत्तरायण यांनी तिसरे ध्येयही कसेही करून लिहूनच काढावे.

आकडेमोड

वाटसरू, तुमच्या सल्ल्याशी माझे भांडण नाही, पण येलचा तो अभ्यास झालेलाच नाही. १९९६ मध्ये एका अमेरिकी मासिकाने त्याचा माग काढला, तेव्हा ती गोष्ट सांगणारे वक्ते एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि मूळ कागद कोणालाच दाखवता आला नाही. विद्यापीठाकडेही त्याची नोंद नाही. काही वक्ते हीच गोष्ट हार्वर्डच्या नावाने सांगतात. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण या कथेत यशाचे माप म्हणून फक्त संपत्ती घेतली आहे, आणि ही कथा ऐकून ध्येये ठरवणारी माणसे नकळत तेच माप घरी घेऊन येतात.

वाटसरू

माहितीबद्दल मनःपूर्वक आभार. हे ठाऊक नव्हते.

रातराणी

मी रुग्णालयात नर्स आहे आणि माझे पतीही पाळ्यांमध्ये काम करतात, त्यामुळे 'रोज संध्याकाळी सात ते आठ मुलांसाठी' अशा प्रकारचे ध्येय आमच्या घरात पहिल्याच आठवड्यात कोलमडते. दिवस आणि तास ठरवून टाकणारे सल्ले ज्यांची ड्युटी ठरलेली असते त्यांच्यासाठी योग्य असतीलही, आमच्यासारख्यांना मात्र ते अपराधी वाटायला लावण्यापलीकडे काही देत नाहीत.

आम्हाला उपयोगी पडली ती वेगळीच रीत. स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक महिन्याचे कॅलेंडर लावलेले आहे. दोघांच्या ड्युटीचे तक्ते हातात आले की मी माझी ड्युटी निळ्या पेनाने आणि त्यांची हिरव्या पेनाने त्यावर लिहिते. मग आधी ज्या चौकटींत दोन्ही रंग नाहीत, त्या चौकटींना लाल गोल करते. त्या गोलांमध्ये बँक, दुरुस्ती, पाहुणे, जादा ड्युटी यांपैकी काहीही बसवायचे नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. महिन्याला असे गोल कधी बरेच निघतात, कधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. किती निघावेत हे आमच्या हातात नाही. निघतील ते राखणे आमच्या हातात आहे.

याशिवाय 'अमुक झाले तर तमुक करायचे' अशी आधी ठरवून ठेवलेली वाक्ये फार कामाला येतात. रात्रपाळी संपवून घरी पोहोचले आणि मुले अजून शाळेत गेलेली नसतील, तर मी झोपण्याआधी त्यांच्याजवळ बसते. पाळी लांबली, तर पती मला विचारत न बसता शेजारच्या काकूंना सांगतात. हे आधीच बोलून ठेवलेले असल्यामुळे थकलेल्या अवस्थेत कोणालाही निर्णय घ्यावा लागत नाही.

आकडेमोड

रातराणीताई, तुम्ही अनुभवातून जे शोधले त्यावर पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी सविस्तर काम केले आहे. 'मी हे करीन' असा नुसता निश्चय आणि 'अशी वेळ आली की मी हे करीन' असा परिस्थितीला बांधलेला निश्चय, यांची तुलना करणाऱ्या ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा त्यांनी पास्कल शीरन यांच्याबरोबर २००६ मध्ये प्रसिद्ध केला, आणि दुसऱ्या प्रकाराचा परिणाम मध्यम ते मोठा असल्याचे त्यातून दिसले. प्रसंग ओळखला की कृती जवळजवळ आपोआप सुरू होते, हे त्यामागचे कारण मानले जाते.

तिसरी घंटा

मी निवृत्त शिक्षक आहे आणि माझे मत इथल्या बहुतेकांपेक्षा वेगळे आहे. घरात ध्येये असूच नयेत असे मला वाटते. त्याचे कारण आळस हे नाही. ध्येय ठरले की त्याच्या मागोमाग मोजमाप येते, आणि मोजमाप आले की माणसे मोजता येईल तेवढेच करू लागतात.

माझ्या वर्गांत अशी कितीतरी मुले होती, ज्यांच्या पालकांनी 'मुलाच्या अभ्यासात लक्ष घालणे' हे ध्येय मनापासून ठरवले होते. लक्ष घालणे मोजता येत नाही, गुण मोजता येतात. म्हणून काही महिन्यांतच गुण हेच ध्येय होऊन बसायचे. मूल घरी आल्यावर पहिला प्रश्न गुणांचा, जेवताना दुसरा प्रश्न गुणांचा. मुलांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे उत्तरपत्रिका दप्तराच्या तळाशी ठेवणे. ज्या पालकांना मुलाच्या जवळ जायचे होते, त्यांच्यापासून मूल एक गोष्ट लपवायला शिकले होते.

संस्थांमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर होते. वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेत प्रत्येक ग्राहकाला आठ सेवा विकण्याचे ध्येय होते. ते गाठण्याच्या दबावाखाली कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावे लाखो खाती उघडली, आणि २०१६ मध्ये ते उघडकीस येऊन बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. बँकेवर देखरेख करणाऱ्या संस्था होत्या म्हणून निदान ते बाहेर आले. घरावर देखरेख करणारे कोणी नसते.

काजवा

तिसरी घंटा सर, आपल्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून एक गंमत सांगतो. आम्ही घरी एका रविवारी बसून प्रत्येकाला विचारले की येत्या महिन्यात या घरात काय व्हावे असे वाटते. मी आणि पत्नीने काटकसर, व्यायाम वगैरे नेहमीचे विषय काढले. आमच्या धाकटीने, जी तेव्हा दुसरीत होती, एकच मागणी ठेवली: 'बाबांनी रात्रीची गोष्ट मध्येच झोपी न जाता शेवटपर्यंत सांगावी.'

रातराणी

या धाग्यावरचे सर्वांत नेमके, मोजता येण्याजोगे आणि मुदतीसह दिलेले ध्येय तेच आहे! लेकीला शाबासकी सांगा.

काजवा

नक्की सांगतो. त्यानंतर आम्ही गोष्टीची वेळच जेवणानंतर लगेच आणली, कारण अडचण माझ्या इच्छेत नसून घड्याळात होती. तिने न मागितले असते, तर 'मुलीला वेळ देणे' या माझ्या यादीतल्या ओळीतून हे मला कधीच कळले नसते.

गोधडी

काजवा यांनी जे सांगितले त्यात मला या सगळ्या चर्चेचे मर्म दिसते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

माझ्या पतीने नोकरी सांभाळून पीएच.डी. पूर्ण केली. ध्येय त्यांचे होते आणि त्यासाठी त्यांनी घेतलेले कष्ट मी जवळून पाहिले आहेत. तथापि त्या ध्येयाला लागणारे तास फक्त त्यांच्या दिवसातून येत नव्हते. ते शनिवारी ग्रंथालयात बसायचे, तेव्हा मुलांना पोहायला मी न्यायचे. त्यांचे प्रकरण सादर करायचे असे, तेव्हा सासूबाईंच्या तपासण्यांसाठी रजा मी घ्यायचे. यातले काहीही कोणी माझ्यावर लादले नव्हते आणि मला त्यांच्या यशाचा मनापासून आनंद आहे. पण ध्येयाच्या कागदावर कुठेही माझे नाव नव्हते, आणि जे कागदावर नसते त्याची चर्चाही होत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८९ मध्ये नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या घरातील कामाला 'दुसरी पाळी' म्हटले होते. त्या पाळीचा मोठा भाग दुसऱ्या कोणाच्या तरी ध्येयाला आधार देण्यात जातो, अशी माझ्याकडून पुस्ती जोडावीशी वाटते.

पुढे मला स्वतःचे काम सुरू करायचे होते, तेव्हा आम्ही पद्धत बदलली. एका वहीच्या पानावर तीन रकाने केले. पहिल्यात काय साधायचे आहे ते, दुसऱ्यात त्यासाठी आठवड्याला साधारण किती तास लागतील ते, आणि तिसऱ्यात ते तास कोणाच्या दिवसातून येणार ते. तिसरा रकाना भरायला बसलो तेव्हा खरे बोलणे सुरू झाले. माझ्या कामाचे दहा तास लिहिले होते. त्यातले चार पतीच्या संध्याकाळींमधून आणि दोन थोरल्या मुलाच्या मोकळ्या वेळेतून येणार होते, कारण धाकट्याला शाळेतून आणायचे काम त्याच्याकडे जाणार होते. थोरला म्हणाला की मंगळवारी त्याचा सराव असतो, मंगळवार सोडून तो आणेल. म्हणून मी माझ्या कामातून मंगळवार काढून टाकला. ही साधी गोष्ट आहे, परंतु त्याला न विचारता ठरवले असते तर त्याने सराव सोडला असता आणि आम्हाला ते कदाचित पुढच्या वर्षी कळले असते.

उत्तरायण, म्हणून मला वाटते की तुमच्या पत्नीचे म्हणणे आणि तुमचे म्हणणे यांत विरोध नाही. कार्यालयात वरिष्ठ तुमचा वेळ मागू शकतो, कारण त्यासाठी पगार दिलेला असतो. घरात दुसऱ्याचा वेळ त्याला विचारूनच घ्यावा लागतो. ध्येय लिहा, मुदतही घाला. फक्त ज्यांचे तास त्यात जाणार आहेत, त्यांच्यासमोर लिहा. तुमच्या परीक्षेचेही तसेच करा, कारण मला तर ती तुमच्या तिन्ही ध्येयांपैकी सर्वांत जास्त 'घरातली' वाटते.

वाटसरू

गोधडीताई, तिसऱ्या रकान्यासाठी विशेष धन्यवाद. आजच पत्नीला हा प्रतिसाद वाचायला दिला.

आकडेमोड

गोधडी यांच्या दुसऱ्या रकान्याबद्दल एक सावधगिरीची सूचना. तासांचा अंदाज माणसे जवळजवळ नेहमीच कमी धरतात. डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच हा दोष दाखवून दिला होता. १९९४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल ते विचारले, तेव्हा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा आला; प्रत्यक्षात सुमारे ५६ दिवस लागले. अगदी 'सगळे बिघडले तर' असे धरून दिलेला अंदाजही ४९ दिवसांच्या आतच होता. यातली वाढीव दिवसांची किंमत घरातली माणसे मोजतात, म्हणून अंदाज बांधताना आपल्या इच्छेकडे न पाहता मागच्या वेळी असेच काम करायला किती दिवस लागले होते ते पाहावे.

दुसरे असे की, वेळेचा ताण हा एकमेव ताण नाही. जेफ्री ग्रीनहाउस आणि निकोलस ब्यूटेल यांनी १९८५ मध्ये नोकरी आणि कुटुंब यांतील संघर्षाचे तीन प्रकार सांगितले: वेळेचा, मानसिक थकव्याचा आणि वागण्याच्या पद्धतीचा. तिसऱ्याकडे सहसा दुर्लक्ष होते. दिवसभर सूचना देण्याची आणि चुका शोधण्याची सवय असलेला माणूस घरी आल्यावर त्याच सुरात बोलतो, आणि मग त्याने पूर्ण संध्याकाळ घरात घालवली तरी कोणाला ती मिळाल्यासारखी वाटत नाही. उत्तरायण यांच्या पत्नीचा आक्षेप बहुधा याच तिसऱ्या प्रकाराला आहे.

उत्तरायण (धागाकर्ता)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले याबद्दल ऋणी आहे. परीक्षा हे घरातले ध्येय आहे, हे गोधडीताईंचे निरीक्षण मला थेट भिडले. पत्नीला विचारले असता तिने आकडेमोड यांच्या तिसऱ्या प्रकाराला लगेच दुजोरा दिला.

आता आढाव्याचा प्रश्न उरतो. ठरवलेले होत नसेल, तर त्याची आठवण कोणी आणि कशी करावी, जेणेकरून ती टोचणी वाटणार नाही?

तिसरी घंटा

गोधडी यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. माझा आक्षेप दुसऱ्यावर लादलेल्या मोजमापाला होता, आणि त्यांच्या वहीत मोजले जात आहे ते देणाऱ्याचे तास, घेणाऱ्याची कामगिरी नाही. हा फरक मला मान्य आहे. मुलांच्या बाबतीत मात्र मी अजूनही म्हणेन की त्यांची ध्येये आपल्या वहीत लिहू नयेत.

आढाव्याबद्दल माझे सांगणे असे: ज्याने जे ठरवले, त्याबद्दल आधी त्यानेच बोलावे. वर्गात मी हेच करत असे. 'तुझे काय राहिले?' असे विचारले की मूल बचाव करू लागते. 'माझे हे राहिले' असे शिक्षकाने आधी सांगितले की मुलेही आपणहून सांगू लागतात.

रातराणी

आमचा आढावा म्हणजे नव्या महिन्याचे कॅलेंडर भरताना जुने खाली उतरवणे, एवढेच. लाल गोलांपैकी एखादा बुडाला असेल तर का बुडाला ते दिसते आणि बोलणे होते. वेगळी बैठक बोलावली असती तर ती आम्ही दोघांनीही टाळली असती.

शिवाय एखादा चुकला म्हणून सगळे मोडले असे मानू नये. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात ९६ जण सहभागी होते. नवी सवय अंगवळणी पडायला त्यांना कमीजास्त काळ लागला. मध्यम आकडा ६६ दिवस होता, पण अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही, असेही त्यांना आढळले. ड्युटीमुळे दिवस चुकतच असतात, म्हणून मला हा निष्कर्ष फार दिलासा देतो.

पाणवठा

उशिरा लिहीत आहे. या धाग्यावर दोन कमावत्या माणसांचे घर गृहीत धरलेले दिसते. मी एकटी आहे, एक मुलगा आहे आणि आई अंथरुणाला खिळलेली आहे. माझ्या वहीत तिसरा रकाना केला तर त्यात प्रत्येक ओळीत माझेच नाव येईल.

माझ्यासारख्यांसाठी ध्येय ठरवण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते ध्येय सोडणे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. मला कामात पुढच्या पदावर जायचे होते. त्यासाठी वारंवार दौरे करावे लागले असते. आईचे आजारपण सुरू झाल्यावर मी ते ध्येय 'तूर्त बाजूला' ठेवले आणि पुढची काही वर्षे दर नव्या वर्षी तेच पुन्हा लिहीत राहिले. ते न सोडल्याचा त्रास ते न मिळाल्याच्या त्रासापेक्षा मोठा होता. कार्स्टन व्रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये यावर लिहिले आहे: जे गाठणे आता शक्य नाही त्यापासून मन काढून घेऊ शकणारी, आणि त्या जागी दुसऱ्या अर्थपूर्ण गोष्टीत मन घालू शकणारी माणसे अधिक समाधानी असल्याचे त्यांना दिसले. यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच आवश्यक आहे, नुसते सोडून दिले तर पोकळी उरते.

मी वरिष्ठांना स्पष्ट सांगितले की दौऱ्यांचे पद नको, त्याऐवजी नव्या लोकांना शिकवण्याचे काम द्या. ते काम मला मिळाले आणि ते मी आवडीने करते. उत्तरायण, तुमच्याही यादीत कधीतरी एखादी ओळ खोडावी लागेल. ती कोणत्या परिस्थितीत खोडायची, हे शांत डोक्याने आत्ताच बोलून ठेवले तर त्या वेळी हार मानल्यासारखे वाटणार नाही.

गोधडी

पाणवठा, तुम्ही लिहिलेत हे फार बरे केले. एक विचारू का? त्या तिसऱ्या रकान्यात घराबाहेरचे एखादे नाव येऊ शकेल का? भाऊ, बहीण, शेजारी, पगारी मदतनीस, कोणीही. सगळ्या ओळींत एकच नाव दिसणे, हेच कदाचित त्यांना दाखवण्यासारखे आहे.

पाणवठा

भाऊ दुसऱ्या देशात आहे आणि त्याला वाटते की सगळे सुरळीत चालले आहे. तुमच्या सांगण्यावरून मी ते पान खरोखरच भरून त्याला पाठवणार आहे. आर्थिक मदत तो करतोच. आठवड्यातल्या दोन दुपारी आईजवळ बसायला माणूस ठेवण्याचा खर्च त्याने उचलावा, असे आता मला नेमके मागता येईल.

उत्तरायण (धागाकर्ता)

कालच्या सुट्टीत आम्ही सगळे एकत्र बसलो, त्याचा वृत्तांत देतो.

परीक्षेच्या ओळीसमोर तिसरा रकाना भरताना लक्षात आले की अभ्यासाचे बहुतेक तास पत्नीच्या संध्याकाळींमधून येणार होते, आणि तिला स्वतःला याच वर्षी एक अभ्यासक्रम करायचा आहे, जो तिने मला सांगितलाच नव्हता. बऱ्याच चर्चेनंतर मी परीक्षा एक सत्र पुढे ढकलली आहे. कर्जाच्या जादा हप्त्यांपैकी काही रक्कम आम्ही त्या अभ्यासक्रमाच्या शुल्कासाठी वळवली आहे, म्हणजे कर्ज ठरवले होते त्यापेक्षा थोडे उशिरा फिटेल. पाणवठाताईंच्या सूचनेप्रमाणे हेही लिहून ठेवले आहे की आईवडिलांपैकी कोणाची प्रकृती बिघडली, तर परीक्षा त्या वर्षापुरती रद्द समजायची.

'अधिक वेळ' या ओळीचे काय झाले, तर ती आम्ही खोडली. वडिलांना विचारले असता ते म्हणाले की वेळ नको, त्यांना बँकेचे आणि विम्याचे कागद एकदा माझ्यासोबत बसून लावायचे आहेत, कारण त्यांना त्याची काळजी वाटते. आई म्हणाली की तिला फोनवर बोलताना मी दुसरे काही करत नसावे. मुलाला माझ्यासोबत सायकल दुरुस्त करायला शिकायचे आहे. मुलीने विचार करायला आठवडा मागितला आहे.

काजवा

आठवडा मागणारी मुलगी फार आवडली. कर्जाच्या बोलण्याच्या वेळी मुलांना बसवले होते का? आमच्याकडे यावर दोन मते आहेत.

उत्तरायण (धागाकर्ता)

बसवले होते. आकडे सांगितले नाहीत, पण कर्ज थोडे उशिरा फेडणार आहोत आणि ते आईच्या अभ्यासासाठी, एवढे सांगितले. मुलाने विचारले की मग आईच्या वर्गाच्या दिवशी घरी कोण लवकर येणार. त्या दिवसांची यादी आता त्याच्याकडेच आहे.